तात्यांची कोरी सरी

आबांचा फोन आला तेव्हा मी बारामतीजवळच्या माझ्या पॉलिहाऊसमध्ये टाकीतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासत होते. "दत्तू गेला गं," एवढंच ते म्हणाले. दत्तूतात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, शाळेपासूनचे मित्र, लासुर्ण्याचे ऊस बागायतदार. सकाळी उसाला पाणी देऊन घरी आले, ओसरीवर टेकले आणि तिथंच... फोन ठेवल्यावर मी आधी टाकीचं काम पुरं केलं, सामू पुन्हा मोजला, वहीत लिहिला. मग रडले. आज सात आठवडे झाले, पण शेवटच्या भेटीत त्यांना जे बोलले ते अजून मनातून जात नाही.

कृषी पदवी घेऊन मी एका खत कंपनीत लागले होते आणि गावोगाव सिलिका विकत होते. पीक ताठ उभं राहतं, पान जाड होतं, किडीला सहज कुरतडता येत नाही, भुरीसारखी बुरशी लवकर धरत नाही, असं सगळं मला तोंडपाठ होतं. पहिली गिऱ्हाइकी घरच्या माणसापासून करावी म्हणून तात्यांकडे गेले. उसात शिरताना पानानं माझा हात चिरला. मी लगेच संधी साधली, "बघा तात्या, पानाच्या कडेची ही धार सिलिकाचीच असते." तात्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग उसाकडं. "मंग माझ्या रानात ते हायच की. न्हायतर ही धार आली कुठनं?" मी त्यांना सांगितलं, की मातीत सिलिका भरपूर असते पण सगळी काही पिकाला घेता येत नाही, हलक्या जमिनीत तर फारच कमी मिळते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घालतो तू म्हनतीस तर. पण एक सरी कोरी ठिवनार."

ही त्यांची जुनी खोड. नवं काहीही आलं, खत असो की औषध, ते सगळ्या रानाला द्यायचे आणि मधली एक सरी मुद्दाम सोडायचे. सरीच्या तोंडाशी बांबूची काठी, काठीला जुन्या उपरण्याची चिंधी. ऊस तुटला की त्या सरीचा आणि शेजारच्या सरीचा ऊस वेगळा मोजायचे. गावातले लोक तिला तात्यांची उपाशी सरी म्हणत. काकी तर सगळ्यांदेखत म्हणायच्या, "लग्नात तेवढी कोरी सरी ठिवायची ऱ्हायली ह्यांची. न्हायतर कळलं असतं, बायकूनं काय फरक पडला का!" तात्या मिशीत हसायचे आणि चहा मागायचे.

लागणीचा ऊस झाला, तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवाही झाला. मग कळंबला आमच्या कंपनीनं शेतकरी मेळावा घेतला. मी स्टेजवर, साडी नेसून, साहेबांच्या शेजारी. तात्यांना मीच आग्रहानं बोलावलं होतं, आपला माणूस चार शब्द बरे बोलेल म्हणून. ते उठले आणि म्हणाले, "माझ्या काळ्या रानात दोनी पिकं बघितली. फरक न्हाय. हलक्या रानात पडंलबी, मी न्हाय म्हनत न्हाय. पण ज्यानं त्यानं एक सरी कोरी ठिवून बघावं." माझा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन आबांशी भांडले, तात्यांशी वर्षभर बोलले नाही. खरं सांगायचं तर राग खोटं ऐकल्याचा नव्हता. त्यांचं रान भारी काळं, उसाचा वाळला पाला, पाचट, ते कधी जाळत नसत, उसानं घेतलेली पुष्कळशी सिलिका पुन्हा मातीतच जात होती. तिथं फरक पडणं अवघड, हे मला मेळाव्याआधीही ठाऊक होतं, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं नोकरी सोडून मी पॉलिहाऊस उभं केलं, पिशव्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून मातीविना काकडी लावली. तेव्हा नारळ घेऊन सगळ्यात आधी तात्याच आले. मेळाव्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पहिल्याच पिकावर भुरी आली, पानं पिठात लोळवल्यासारखी पांढरी झाली. तात्या वाकून पिशवी चाचपत म्हणाले, "हितं मातीच न्हाय. मंग झाडाला ती तुजी सिलिका मिळनार कुठनं? हितं घालून बघ. पण एक ओळ कोरी ठिव." मी पुढच्या पिकाला घातली. कोरी ओळ मात्र ठेवली नाही. सगळ्यांना एकाच टाकीतून पाणी, एका ओळीसाठी वेगळं पिंप कोण लावणार?

ते पीक सुंदर आलं. पांढरा ठिपका नाही. मी मोठ्या तोऱ्यात तात्यांना बोलावलं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "कोरी ओळ कुठंय?" मी टाकीकडं बोट दाखवलं. "मंग फरक पडला ह्ये कळलं कसं तुला? औंदा माझ्या दारातल्या भोपळ्यावरबी भुरी न्हाय." माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, तात्या." त्यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि गेले. तीच शेवटची भेट.

तेराव्याला मी काकींजवळ बसून हे सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला बोलतील तरी. काकी म्हणाल्या, "सांगत हुते मला. पोरगी चिडली म्हनले, आता फुडल्या पिकाला ठिवती बघ कोरी." मग उठून आत गेल्या आणि चिंधी बांधलेली काठी घेऊन आल्या. "ही ने. तितल्या सरीला मी दुसरी लावलीया."

त्याच आठवड्यात माझी नवी लागण होती. चौथ्या ओळीला सिलिका नसलेलं वेगळं पिंप लावलं. सिलिकाच्या औषधातून पालाश हे खतही जातं, तेही तेवढंच त्या पिंपात निराळं दिलं, सामू दोन्हीकडं सारखा ठेवला, म्हणजे उगाच शंका राहायला नको. ओळीच्या तोंडाशी काठी रोवली. परवा सकाळी गेले तर चौथ्या ओळीची पानं पांढरी झाली होती. बाकीच्या ओळींवर तुरळक ठिपके, तेही शोधावे लागत होते. मी दोन्हीकडचे ठिपके मोजून वहीत लिहिले. इतकी वर्षं छातीठोकपणे लोकांना सांगत आले, पण 'फरक पडतो' हे मला खरोखर कळलं ते त्या सकाळी... आणि ज्यांना सांगायचं ते नव्हते.

काकींना फोन लावला. म्हटलं, "काकी, फरक पडला. तात्यांना सांगायचं राहिलं." पलीकडं पदरानं नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण काठी उपटू नगं. एका पिकावर ह्यांनी कदी व्हय म्हनलं न्हाय."

काठी अजून चौथ्या ओळीपाशी उभी आहे.