छातीवरचं पोतं

मी आणि बायकोनं, गौरानं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चटणीसाठी शेंगा फोडणं. “फोडताय कमी, खाताय जास्त,” ती म्हणाली आणि खोकली. चार-आठ दिवसांत व्हायरल निमोनिया... हुबळीच्या दवाखान्यात घशात नळी, व्हेंटिलेटर.

भुताखेतावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात जन्मभर हमाली केली, शाळा जेमतेम. झालं तेवढंच लिहितो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अज्जा, फुफ्फुसं कडक झालीत. मशीन जोर लावून हवा भरतंय. त्या गुंगीत आहेत, त्यांना काही कळत नाही.”

मशीनसाठी सही मीच केली होती. तिला त्रास होतोय का, एवढंच मला पाहिजे होतं.

दुपारी आयसीयूबाहेर बाकावर डोळा लागला... दुर्गदबैल, पण माणूस नाही, हातगाडी नाही. जोंधळ्याची भुकटी उन्हात तरंगत होती. गौरा सावकाश येत होती, पोतं छातीशी धरून. जन्मात तिनं पोतं उचललं नव्हतं.

“अहो, हात लावा. छातीवर बसलंय. थोडं उतरवा.”

आम्हा हमालांत कुणी ‘हात लावा’ म्हटलं की विचारत बसत नाहीत. मी लावला. पोत्यात दाणा नव्हता, नुसती हवा — आणि तरी उचलेना.

जागा झालो तर हात तसेच पुढं. दार ठोकलं.

“अज्जा, सुम्म कूड्री. गप बसा म्हटलं ना,” सिस्टर खेकसली.

“तिच्या छातीवर ओझं आहे. आधी बघ, मग खेकस.”

तेवढ्यात तिच्या मागं गौराचं मशीन टुंईटुंई करायला लागलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, काय झालं ते सांगितलं. हवेच्या दाबानं हार्टकडं परत येणारं रक्त अडत होतं, हार्टवर ताण आला, बीपी पडला. दाब थोडा उतरवला तेव्हा सावरलं.

“छातीवर ओझं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिनं.”

त्या वळून परत मशीनकडं गेल्या.

पण दाब उतरवला की तिला हवा पुरेना, चढवला की हार्ट दमायचं. त्या दोन्हीच्या मधे ती काही दिवस राहिली... मग गेली. तिचं बोलणं झोपेत माझ्यापर्यंत कसं आलं, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या बाकावर जाऊन बसलो. आमची पोरगी घरी चल म्हणून रडत होती. गौराच्या खाटेवर कुणाची तरी बायको आणली होती. तिचा नवरा दाराशी उभा, डोळे लाल. त्याला धाकट्या भावासारखं जवळ बसवलं, माझी घोंगडी दिली.

“झोप जरा, तम्मा. जागं राहिलं की ऐकू येत नाही.”