बारीक तार

माझा मामा मिक्सरच्या कारखान्यात मोटारीवर तांब्याची तार गुंडाळायचा. तीस वर्षं तेवढंच काम. रविवारी शेजारपाजाऱ्यांच्या जळलेल्या मिक्सरमध्ये नवी तार फुकट भरून द्यायचा आणि वर सुनवायचा, "चांगली वस्तू फेकायला जीव कसा होतो तुमचा? हा आता तुमच्या सुनेच्या काळातही चालेल." काहीच टाकू देत नाही म्हणून मामी त्याला कवडीचुंबक म्हणायची, पण गल्लीचं त्याच्यावाचून पान हलत नसे.

मग कारखान्याचा माल गोदामात पडून राहू लागला. साहेबांनी जाड तारेऐवजी बारीक तार आणली. मामाने सांगून पाहिलं, "साहेब, ही दोन वर्षांत जळेल."

साहेब शांतपणे म्हणाले, "जळायलाच हवी. लोकांनी नवा घेतलाच नाही, तर तुम्हाला काम कुठून देऊ?"

मामा जाऊन बारीक तार गुंडाळू लागला. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.

पुढच्या महिन्यात मामाच्या शेजारी बसणाऱ्या दोघांना कारखान्याने घरी बसवलं. त्याच रविवारी माझ्या आईने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, आमचा जळका मिक्सर त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उघडला, जाड तारेचं रीळ हातात घेतलं. मग ते बाजूला ठेवून त्याने पिशवीतून बारीक तारेचं रीळ काढलं.

"दादा, किती वर्षं चालेल आता?" आईने विचारलं.

"दोन," मामा मान वर न करता म्हणाला. "मग नवा घे. आमच्याच कारखान्याचा घे."