तव्यावरची पहिली भाकरी

मिश्रीचा वास मला आजही सोसत नाही. कुणी बोटानं हिरड्या घासताना दिसलं तरी मी तिथून उठते. पलूसजवळच्या आमच्या गावात, महायुद्धाच्या त्या वर्षांत, बहुतेक बायका मिश्री लावायच्या. आमची आई तर उठता-बसता. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि तोंड काळं करून थुंकत बसायचं. मोरीच्या भिंतीवर तिच्या थुंकीचे ओघळ वाळलेले असायचे.

पण खरी किळस पुढंच होती. घरात तवा एकच, आणि लढाईमुळं दुसरा मिळत नव्हता. मिश्री उतरली की त्याच तव्यावर भाकऱ्या. तव्याचा वास जावा म्हणून पहिली भाकरी मुद्दाम करपवायची. तव्याची सगळी घाण ती ओढून घ्यायची आणि पुढच्या भाकऱ्या आम्ही मिटक्या मारत खायचो. ती पहिली, कडूजहर भाकरी मात्र वहिनीच्या ताटात. दादा पलटणीत होता, तिची बाजू कोण घेणार? स्वतः ती मिश्री कधी लावायची नाही. भाकरी आमटीत कुस्करायची आणि श्वास रोखून गिळायची. एकदा मी म्हटलं, ही गुरांपुढं टाकूया.

आई म्हणाली, "अन्न हाय ते. टाकायचं नसतं."

पुढं वहिनीला घास उतरेना. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पेजसुद्धा. आई म्हणायची, सोंगं हायती. अखेर वहिनीचे वडील येऊन तिला मिरजेला डॉक्टरकडं घेऊन गेले. अन्ननलिकेत गाठ होती, आणि उशीर झाला होता. कशानं झालं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आता म्हणतात, जळकं खाणं वाईट, तंबाखू तर त्याहून वाईट. तिची गाठ त्या भाकरीनंच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला दुसरं काही सुचतही नाही.

वहिनी माहेरीच वारली. दिवसकार्य उरकलं आणि आईची मिश्री संपली. आता चुलीपुढं वहिनीच्या जागी मी. पानं भाजली, ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. मग पहिली भाकरी थापली, करपवली, उतरवली. आता ही घरात कोण खाणार, ते मला ठाऊक होतं. मी ती माझ्या ताटात घेतली आणि आमटीचं भांडं ओढलं.

आईनं माझा हात धरला. "तू नगं खाऊस ती, बाय. कुत्र्याला घाल."

इतक्या सहज म्हणाली. मी उठले आणि भाकरी अंगणात टाकली. कुत्र्यानं ती हुंगली आणि तसंच मागं सरून बसलं.

आईच्या हातचं मला त्या दिवसापासून गोड लागलं नाही.