आपांचा अर्धा धडा

आपांचं बोलणं मी अर्धं ऐकलं आणि पूर्ण म्हणून पसरवलं, ही माझी चूक. बाकीचं कळल्यावरही गप्प बसलो, तो गुन्हा.

आपा निवृत्त शाळाशिक्षिका. दर रविवारी कोंढव्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये कुरआनचा वर्ग घ्यायच्या, तोही मराठीत, कारण आम्हा बहुतेकांना उर्दू वाचता येत नव्हतं. जे मत खोडायचं, ते आधी इतक्या जोरात मांडायच्या की नवखा माणूस घाबरायचा. "समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता येत नसेल, तर भांडायला जाऊ नये," म्हणायच्या. कुणी दबकत विचारलं, "आपा, म्हणजे हे खरंय?" की उत्तर ठरलेलं, "आधी चहा घे. घाई असेल तर टीव्हीवर मौलाना आहेत."

त्या रविवारी विषय होता नबी, म्हणजे ज्याला अल्लाहचा संदेश मिळतो तो, आणि रसूल, म्हणजे तो संदेश घेऊन एखाद्या समाजाकडे खास पाठवलेला दूत. आपांनी हल्लीच्या एका गटाचं म्हणणं मांडलं: कुरआनात मुहंमद पैगंबरांना शेवटचे नबी म्हटलंय, शेवटचे रसूल नाही, मग रसूल अजूनही येऊ शकेल. त्या रविवारी माझी शिफ्ट होती; तेवढ्यात खाली कंपनीची गाडी हॉर्न वाजवू लागली. मी उठलो. ऑफिसात पोचल्यावर, काहीतरी नवं सांगायच्या हौसेनं, मोहल्ल्याच्या ईमेल ग्रुपवर लिहिलं, "आपा म्हणतात, रसूल अजून येऊ शकतो."

उरलेलं मला आठवड्यानं वर्गातल्या एकीकडून कळलं. चहानंतर आपा म्हणाल्या होत्या, "प्रत्येक रसूल आधी नबी असतो. नबींचं दार बंद झालं, म्हणजे रसूलांचंही झालं." पुढे हेही, की आजचे काही अभ्यासक मानतात, रसूल आला की त्याला मानणाऱ्या-नाकारणाऱ्यांचा निकाल अल्लाह याच जगात लावतो. "आता रसूल नाही, म्हणून कुणाला काफिर ठरवायचा हक्कही कुणाला नाही. आपण सांगायचं आणि घरी जायचं."

पैगंबरांनंतर कुणी येईल म्हणणं म्हणजे धर्मच सोडणं, म्हणून तोवर लोकांनी आपांचाच निकाल लावला होता. वर्गातल्या मुलींचं घरी कुणी ऐकेना, त्या यायच्या थांबल्या, जिन्यातले सलाम बंद झाले. एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. पण माझं लग्न ठरत होतं आणि मुलीचे वडील मशिदीच्या कमिटीत होते. वर्ग बंद पडला. आपा मांजरी गावात लेकीकडे राहायला गेल्या.

कित्येक वर्षांनी तिथे गेलो. म्हटलं, "आपा, त्या दिवशी मी अर्ध्यातून उठलो होतो."

"माहीत आहे. तुझा हॉर्न अख्ख्या सोसायटीनं ऐकला."

"मग तुम्ही लोकांना का नाही सांगितलं?"

"तुझ्यावर तुटून पडले असते. तू सांगशील म्हणून थांबले."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला खरं ठाऊकच होतं रे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडे जा."

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर इमामसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो. सासरे पहिल्याच रांगेत होते.

"रसूल अजून येऊ शकतो, हे आपांचं मत कधीच नव्हतं," मी म्हणालो. "मी अर्धं ऐकलं, आणि पूर्ण कळल्यावर स्वतःसाठी लपवलं. त्यांची मी माफी मागितली आहे. आज तुमची मागतो."