तिचं उत्तर बरोबर होतं

मला आडवळणानं बोलायची सवय आहे, म्हणून आधी एका दमात सांगून टाकतो. माझ्या एका विद्यार्थिनीचं गणित बरोबर होतं आणि माझं चूक होतं. हे मला कळलं होतं. तरी मी तिला तीन महिने सांगत राहिलो की तुझंच चुकतंय.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझी पीएचडी कृष्णविवरांवरची, म्हणजे सामान्य सापेक्षतेतली. त्यातून एक शोधनिबंध बऱ्यापैकी नियतकालिकात छापून आला. एकच. पण आमच्याकडे तेवढ्यावर माणूस उभा राहतो. प्राध्यापकी मिळाली, मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली. बडनेऱ्याच्या स्टेशनवर कोणी ओळख करून द्यायचं तर म्हणायचं, "हे आपले ब्लॅक होलवाले सर." मी नुसता हसायचो. आवडायचं ते मला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. माझ्या हाताखाली जो येई त्याला मी पहिलं काम एकच देई: माझा निबंध घ्या, पहिल्या समीकरणापासून शेवटच्या उत्तरापर्यंत स्वतः सोडवून आणा. ही रीत माझ्या मार्गदर्शकांची, मी पुढे चालवली. मुलं पंधरा दिवसांत आणून देत. माझं उत्तर छापलेलं असायचंच; ते समोर ठेवून मागून जुळवत आणायचं, हे ती करत होती आणि ती करतात हे मला ठाऊक होतं. मीही कधीकाळी तसंच केलं होतं.

ती विद्यार्थिनी वलगावच्या पुढच्या एका गावातून रोज एसटीनं यायची. घरी काळ्या मातीची शेती. तिचे वडील एकदा तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन कॉलेजात आले होते. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढायला लागले, मी नको म्हटलं.

"सर, हे पोरगी काय करून राहिली, मले काई समजत नाई," ते म्हणाले. "म्हनते, आभायात काळी विहीर असते, तिच्यात उजेडबी पडते अन् वर येत नाई. म्या म्हनलं, आपल्या वावरात हाये ना विहीर, तिच्यात वाकून पाह्य! तिच्यातूनबी काई वर येत नाई, पानीबी नाई."

ती मागे उभी राहून ओढणीत हसत होती. मग ते एकदम गंभीर झाले. "पन सर, तुमी सांगा. हिचं होईन ना?"

"होईल," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, तिचं काही येईना. शेवटी एका दुपारी ती वही घेऊन समोर उभी राहिली.

"सर, माह्यं जुळून नाई राहिलं."

"कुठे अडलं?"

"अडलं नाई. उत्तर येते. पन तुमचं येत नाई." मग घाईनं म्हणाली, "मले मागून जुळवता आलं असतं, सर. पन मंग ते सोडवलं कसं म्हनायचं?"

मी वही ठेवून घेतली. संध्याकाळी घरी चहा घेता घेता उघडली आणि चहा तसाच राहिला.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गणितात काही राशींचं चिन्ह ही नुसती ठरवायची गोष्ट असते. एक पुस्तक अधिक धरतं, दुसरं उणे. दोन्ही बरोबर. अट एवढीच की ज्या पुस्तकानं सुरुवात केली, त्याच्याच रीतीनं शेवटापर्यंत जायचं. माझ्या काळी आमच्या लायब्ररीत यातलं एकच पुस्तक होतं. दुसरं मी नागपूरला जाऊन झेरॉक्स करून आणलं होतं. अर्धं गणित मी एकातून केलं आणि अर्धं दुसऱ्यातून. नुसत्या कृष्णविवराला त्यानं काही होत नाही, कारण ज्या पदाचं चिन्ह या भेसळीत उलटतं, ते तिथे शून्यच असतं. पण माझ्या निबंधात कृष्णविवराभोवती थोडं द्रव्य धरलं होतं. तिथे ते पद जागं होतं आणि माझ्याकडे ते उलट्या चिन्हानं आलं होतं. कण जिथे सुखानं फिरत राहील असं मी छापलं होतं, तिथून तो खरं म्हणजे आत पडणार होता. निबंधात नवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेच खोटं निघालं.

तिच्या वहीत अकराव्या पानावर ते चिन्ह बरोबर होतं. बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'सरांना विचारणे'.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी वही परत दिली आणि म्हणालो, "पुन्हा कर. तुझं चुकतंय."

"कुठी, सर?"

"ते तूच शोध. त्यातच शिक्षण आहे."

हे वाक्य मला किती सहज सुचलं, ते मी अजून विसरलेलो नाही. तिनं पुन्हा केलं, तेच आलं. पुन्हा केलं, तेच आलं. चौथ्या वहीपर्यंत अक्षर बदललं होतं. ओळ लिहून खोडलेली, मग तीच ओळ पुन्हा लिहिलेली. उन्हाळा लागला होता, स्टाफरूमचा कूलर घरघरत होता. ती एवढंच म्हणाली, "माह्यातच काईतरी कमी हाये, सर." नाही म्हणायला तोंड उघडायचं होतं. मी कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहायला उठलो.

शेवटी तिनं माझं चिन्ह घातलं. इतरांसारखं मागून जुळवलं आणि अहवाल बांधून दिला.

त्याच सुमारास एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. लेखी परीक्षेतून आमच्या कॉलेजातून तिथवर पोचलेली ती पहिलीच. मार्गदर्शकाचं पत्र लागत होतं. मी लिहिलं. मेहनती आहे, जिज्ञासू आहे, सगळं खरं लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं: आकडेमोडीत तिला अजून काळजी घ्यावी लागेल.

ते का घातलं, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाखतीत हा विषय निघाला आणि तिचं मूळ उत्तर पुढे आलं, तर ऐकणाऱ्यानं आधी तिच्यावर शंका घ्यावी, माझ्यावर नाही. त्यासाठी.

ती परत आली ती थेट कॉलेजात. मी तिला कँटीनमध्ये चहा पाजला.

"त्यांनी प्रोजेक्टचंच गणित फळ्यावर सोडवाले लावलं," ती सांगत होती. "मी सोडवत गेली. त्या पदापाशी आली तं हातानं आपोआप माह्यंवालंच चिन्ह टाकलं. मंग आठवलं का हे चूक हाये. मंग मी ते पुसलं अन् तुमचं टाकलं. त्यातले एक सर म्हने, काहून पुसलं? म्या म्हनलं, आधीचं चुकलं होतं. ते म्हने, नक्की? म्या म्हनलं, हो, नक्की."

तिची निवड झाली नाही. ज्यांनी विचारलं ते तिला वाचवायला बघत होते, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. तिला कळलं नाही. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तिनं पुढच्या वर्षी अर्जच केला नाही. बी.एड. केलं, लग्न झालं, अकोल्याला गेली. दिवाळीला मेसेज यायचा. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो.

यंदा दोन मुलं माझ्याकडे प्रोजेक्टला आली. सवयीनं मी त्यांनाही तोच निबंध दिला. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन हजर. "सर, तुमच्या पेपरात एक चिन्ह उलटं हाये. कॉम्प्युटरनं लगेच दाखवलं. आमी नीट करून पुढं गेलो. जमते ना?"

"जमतं," मी म्हणालो.

मुलं गेली. छत कोसळलं नाही, कोणी हसलं नाही. एका शब्दाचं काम होतं. तेवढा एक शब्द मी तिला दिला नव्हता.

त्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्यं जुळवत होतो, पुढे तेही सुचेना. तिचं घर एका कॉलनीत, वरच्या खोलीत दहावीच्या गणिताची शिकवणी. नवऱ्यानं पाणी दिलं. "तुमचं नाव लय ऐकलं, सर," म्हणाला आणि मुलीला घेऊन बाहेर गेला.

"बाप्पा, सर! फोन तं करायचा," ती म्हणाली. चष्मा लागला होता. "पोरं येतीन आता अर्ध्या तासात. मले काय म्हनतात, माईत हाये? तीनदा मॅडम. एक गणित मी तीनदा तपासते ना, म्हनून." आणि हसली.

मी सांगितलं. बसल्या जागी, चप्पलही नीट काढली नव्हती. वही, संध्याकाळचा चहा, पत्रातलं शेवटचं वाक्य, सगळं.

ती पदराच्या टोकानं चष्मा पुसत राहिली.

"काहून सांगतलं?" शेवटी म्हणाली.

"तुला कळायला हवं होतं."

"तेव्हा हवं होतं, सर. आता काहून सांगतलं?" आवाज चढला नव्हता. "मी मनाले समजावलं होतं. आपल्यात ते नवतंच, म्हनून नाई झालं. बरं वाटे तसं म्हनून. बाबाबी तेच म्हनत गेले. आता मी काय म्हनू?"

मी माफी मागितली. तिनं ती ऐकली, एवढंच.

"तुमचा पेपर ज्यांनी छापला, त्यांले लिहिलं तुमी?"

"नाही अजून. आधी तुला..."

"म्हंजे आधी मी माफ करावं, मंग तुमी लिहिसान."

हेच मनात होतं. मी मान खाली घातली.

"लिहा," ती म्हणाली. "अन् कोनं काढलं तेबी लिहा. माह्यं नाव टाका. माहेरचं. तेव्हा तेच होतं."

मग तिनं शिकवणीच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला आणि कृष्णविवराचं ते पहिलं समीकरण लिहिलं. न बघता, सरळ. दुसरी ओळ लिहिली. तिसऱ्या ओळीला पेन थांबलं. तिनं थोडं खोडलं, वर पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. जे ती एसटीत उभ्यानं करायची, ते तिला आठवत नव्हतं.

"याच्यापुढं काय होतं, हो?"

मी सांगायला तोंड उघडलं तशी तिनं हात वर केला. "नका सांगू."

जिन्यावर पोरांचा आवाज आला. तिनं कागदाची घडी केली, बीजगणिताचं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "चहा राहिला, सर."

"असू दे," म्हणून मी उतरलो. पायऱ्यांवर मुलं भिंतीला लागून मला वाट देत होती, वरून तिचा आवाज येत होता, "मागचं कोनाचं राहिलं? खोटं नका बोलू."

संपादकांना मी त्याच आठवड्यात लिहिलं. चूक माझी, ती इतक्या वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनीनं शोधली होती आणि मी तिला गप्प केलं, असं लिहिलं. गप्प केलं हा भाग छापण्याजोगा नाही, असं त्यांनी कळवलं. दुरुस्ती तेवढी घेतो म्हणाले. इथे मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही. तिथे तिचं आहे, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. तिथे छापायचं राहिलं ते, गप्प केल्याचं, मी इथे लिहिलं.

दुरुस्ती तिला पाठवली आहे. तिचं काही आलं नाही. या दिवाळीला मेसेजही आला नाही, आणि मीही केला नाही.