हातभर वर बसवलेल्या मोऱ्या

हिरामणदादांनी उरणजवळच्या मिठागरात चाळीस वर्षं उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची झडप. भरतीला ती किती उचलायची, हे त्यांना पाण्याकडे बघूनच कळायचं.

खाडीतून सरकारी रस्ता आला. तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, भरतीचं पाणी मिळावं म्हणून भरावात चार मोऱ्या ठेवायच्या, ही परवानगीची अट होती. ठेकेदाराने चारही बसवल्या, पण भरतीच्या पाण्याहून हातभर वर. दादांनी बांबूवर चुन्याने भरतीची खूण करून दाखवली.

"काका, अट चार मोऱ्यांची आहे. मोजा ना," ठेकेदाराचा इंजिनिअर हसला.

"आन् पानी कोन मोजनार, शान्या?"

तपासणीवाले ओहोटीला आले आणि फोटो काढून गेले. वर्षभरात अर्धी तिवरं वाळली. परवा अमावस्येच्या उधाणाला दादांनी कुदळीने एका मोरीखालचा भराव फोडला आणि पाणी आत घेतलं.

गुन्हा दाखल झाला, तो एकट्या दादांवर. सरकारी मालमत्तेचं नुकसान. ठेकेदाराला साधी नोटीसही नाही.

वकिलासाठी त्यांचं म्हणणं मी, त्यांचा शेजारी, लिहून घेत होतो. रागाने अक्षर वाकडं येत होतं.

"भराव मीच फोडला, ते लिही," दादा म्हणाले. "पन मोऱ्या हातभर वर हायेत, ते आधी लिही."