जिन्यावरून पडलेले काका

माझा हात लवकर उठतो, अगदी लहानपणापासून. म्हणूनच आमच्या इतवाऱ्यातल्या कापडाच्या दुकानात काका कामाला लागले, तेव्हा सगळं मुकाट सोसणारे ते मला पहिल्यापासून पटले नाहीत. काका म्हणजे सिंधमधून, सीमेपलीकडून आलेला चाळिशीचा माणूस. नागरिकत्वाचा अर्ज केलेला. निकाल लागेपर्यंत राहायला आणि नोकरी करायला मुदतीचा परवाना. मुदत संपत आली की काकांना आठवडाभर घास गिळवत नसे.

कापड दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शेजारच्या दुकानाचं गिऱ्हाईक आमच्याकडे वळू लागलं आणि शेजारी बिथरला. एकदा ‘ए पाकिस्तानी’ म्हणत त्याने काकांच्या अंगावर उकळता चहा फेकला. काकांनी सदरा झटकला आणि कापडाचं थान गुंडाळत राहिले. मी तोंडावर म्हणालो, “काका, तुमच्यात काही दमच नाही.”

मग लग्नसराईतल्या एका भर दुपारी तो शेजारी थेट दुकानात शिरला. कापड मोजायचा आमचाच लोखंडी गज उचलून त्याने काकांना हाणायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, कानावर. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. तोंड झाकायलासुद्धा पुढे आणले नाहीत. पांढऱ्या मांजरपाटावर रक्त उडालं. मी गज हिसकावला आणि शेजाऱ्याचे पुढचे दात पाडले. खरं सांगतो, बरं वाटलं. तो खाली पडल्यावरही मी मारतच होतो. वडिलांनी कंबरेला धरून मला मागे ओढलं.

काकांनी खरं सांगितलं की सगळं निभावेल, असं ठाण्यात मी धरून चाललो होतो. हवालदाराने विचारलं, तेव्हा काकांच्या कानातून रक्त गळत होतं.

“जिन्यावरून पडलो, साब,” काका म्हणाले. “मला कोणी नाही मारलं.”

गुन्हा माझ्या एकट्यावर दाखल झाला. ठाण्याच्या व्हरांड्यात, वडिलांच्या देखत, मी काकांच्या थोबाडीत दिली. वडिलांच्या वयाचे नसले तरी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते ते. त्यांचे हात परत पाठीमागे गेले.

“भैया, मारामारीत माझं नाव आलं ना, तर फाइल तिथंच बंद होईल,” ते म्हणाले. “दोन पोरी आहेत. त्यांना घेऊन परत कुठं जाऊ?”

तरीही माझा राग गेला नाही. माझा खटला सहा वर्षं चालला. काका रोज कामावर येत राहिले. उजव्या कानाने ऐकू येईना, म्हणून गिऱ्हाइकाला डावीकडे बसवत. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो. माफी मागायची हिंमत मात्र झाली नाही, आणि याची मला आजही शरम वाटते.

नागरिकत्वाचा दाखला हातात पडला त्या दिवशी काका कचेरीतून सरळ दुकानात आले. वडिलांच्या पाया पडले, त्यांना पेढा दिला. मग माझ्यासमोर उभे राहिले आणि भरल्या दुकानात माझ्या कानाखाली अशी लगावली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझा हात उठला नाही.

घरी आईने सुजलेला गाल पाहून विचारलं, “हे कोणी केलं?”

“जिन्यावरून पडलो,” मी म्हणालो.